एका वाळवंटी झुरळाची नोंद

१९६६ साली एरिक एडनी या कीटक-शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दक्षिण कॅलिफोर्नियातील वाळूच्या टेकड्यांत राहणाऱ्या एका झुरळाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात असे दाखवून दिले की, कोरड्या हवेत राहून वजनाने घटलेले हे झुरळ दमट हवेत ठेवले, व त्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८२.५ टक्क्यांच्या वर असली, तर पाण्याच्या थेंबालाही न शिवता ते हवेतील बाष्प शोषून घेते आणि आपली तूट भरून काढते. ज्या हवेत उघड्या भांड्यातले पाणी उडून जाते त्याच हवेतून पाणी ओढून घेण्याची ही करामत मोजक्या कीटकांनाच साधलेली आहे, त्यामुळे निबंधाचे महत्त्व तज्ज्ञांना तत्काळ पटले. परंतु त्याच्या शीर्षकात एक रिकामी जागा राहून गेली होती. तेथे ‘अरेनिवागा’ हे वंशाचे नाव होते, आणि त्यापुढे जातीच्या नावाऐवजी ‘कोणी एक जात’ एवढ्याच अर्थाचे संक्षिप्त चिन्ह होते. प्राणी हाती होता, प्रयोग सिद्ध झाला होता, आकडे कोष्टकात बसले होते. पण प्राणी कोणता, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नव्हते, कारण त्या जातीचे वर्णनच तोवर कोणी केलेले नव्हते. तीन वर्षांनी, १९६९ साली, फ्रायाउफ या तज्ज्ञाने आणि एडनीने मिळून तिचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले आणि अरेनिवागा इन्व्हेस्टिगाटा हे नाव दप्तरी दाखल झाले.

या मधल्या काळात त्या झुरळात तिळमात्र फरक पडलेला नव्हता. ते पूर्वीप्रमाणेच दिवसा वाळूत खोल जात होते, रात्री पृष्ठभागाच्या लगत येऊन वाळूखालूनच हिंडत होते, आणि त्याच्या वाटेचा बारीक उंचवटा सकाळी वाळूवर उमटलेला दिसत होता. मग १९६९ च्या त्या लेखाने ज्ञानात नेमकी कोणती भर घातली? प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या पुष्कळ जीवशास्त्रज्ञांना मनातून असे वाटते की काहीच घातली नाही. प्राण्याचे रहस्य आधीच उकलले होते, मागाहून केवळ बारसे उरकले गेले. वर्तमानपत्रांची वृत्ती याच्या नेमकी उलट असते: ‘नवी जात सापडली’ असे वृत्त ती अशा थाटात देतात की, जणू कोणी कोलंबस आताच गलबतावरून उतरला आहे. माझ्या मते जातीचे वर्णन म्हणजे मुख्यत्वे पुढे केव्हातरी उपस्थित होणाऱ्या वादासाठी आज करून ठेवलेली तरतूद होय. वर्णनकाराच्या कर्तबगारीचे माप त्याने काय शोधले यावरून न घेता, शंभर वर्षांनी येणाऱ्या प्रतिवादीची त्याने किती सोय करून ठेवली यावरून घेतले पाहिजे. हे म्हणणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

आधी प्राण्याची ओळख. झुरळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोरीच्या जाळीतून मिशा हलवणारा तो तपकिरी जीव उभा राहतो आणि त्याच्या पापाचा वाटा साऱ्या गोताच्या माथी मारला जातो. वस्तुतः जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे आणि त्यांतील मनुष्याच्या घरात बिऱ्हाड करणाऱ्या जाती तीस-एक भरतील. बाकीच्यांना आपल्या स्वयंपाकघराचे सोयरसुतक नाही. अरेनिवागा हा वंश उत्तर अमेरिकेतला. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटे आणि मेक्सिको हा त्याचा मुख्य मुलूख. नर सडपातळ, लांब पंखांचा, रात्री दिव्यावर झेपावणारा. मादी बिनपंखांची, वाटोळी, फुगीर पाठीची, आणि जन्मभर जमिनीखाली राहणारी. या दोघांना शेजारी शेजारी ठेवले तर ते एका जातीचे असतील अशी शंकाही अनभिज्ञाला येणार नाही. उन्हाळ्याच्या दुपारी जेव्हा वाळूच्या पृष्ठभागावर पाय ठेववत नाही, तेव्हा हातभर खोल वाळूत उष्मा सोसण्याजोगा असतो आणि कणाकणांतील हवा दमट असते. मादी आणि पिले तेथे उतरतात व तहान भागवतात.

ही तहान भागवण्याची रीत १९७७ साली मायकेल ओडॉनेल याने उजेडात आणली. या झुरळाच्या जिभेसारख्या अवयवाला दोन फुगे जडलेले असतात, आणि त्या फुग्यांवर अतिसूक्ष्म केसांची दाट लव असते. हवा पुरेशी दमट लागली की ते फुगे तोंडाबाहेर येतात, तोंडातील ग्रंथीतून पाझरणारा द्रव त्यांच्यावर पसरतो, लवेवर बाष्प धरले जाते, आणि जमलेले पाणी घशाकडे ओढले जाते. फुगे बाहेर काढलेले ते मुख भिंगाखाली पाहिले तर प्राणी काही गिळतो आहे की ओकतो आहे हे कळू नये. आणखी एक नवल असे की त्याच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या पुच्छिकांच्या खालच्या अंगाला ओळंब्यासारखी इवलीशी लोंबती इंद्रिये असतात. वाळूच्या काळोखात वर कोणते आणि खाली कोणते, हे त्याला त्यांच्यावरून उमजते. पंख असलेल्या प्रौढ नराला मात्र हवा पिण्याची विद्या येत नाही. ती मादीची आणि पिलांची मिरास आहे.

आता येथे मूळ प्रश्नाकडे वळू. एडनीने प्रयोग केले त्या वेळी अरेनिवागा वंशात मोजक्याच जाती ज्ञात होत्या. जेम्स रेन याने १९०३ साली हा वंश स्थापन केला, मॉर्गन हेबार्ड याने १९२० साली त्याची झडती घेऊन व्यवस्था लावली, आणि त्यानंतर नव्वदाहून अधिक वर्षे त्या वंशाकडे समग्र दृष्टीने कोणी पाहिले नाही. २०१४ साली हायडी हॉपकिन्स या विदुषीने तो वंश पुन्हा तपासायला घेतला, तेव्हा आधीच्या नऊ जातींत तिने एकदम एकोणचाळीस नव्या जातींची भर घातली. एकूण अठ्ठेचाळीस! ज्याला आजवर आपण एक लहानसे कुटुंब समजत होतो ते एक गावच निघाले. समजा, एडनीने प्रयोग संपल्यावर आपली झुरळे फेकून दिली असती आणि ‘कोणी एक जात’ या शब्दांवर समाधान मानले असते, तर २०१४ नंतर त्या सुंदर प्रयोगाची अवस्था काय झाली असती? हवा पिणारे झुरळ या अठ्ठेचाळिसांपैकी कोणते, हे सांगायला कोणी उरला नसता. प्रयोग खोटा ठरला नसता, हे खरे. पण साक्षीदाराचा ठावठिकाणा हरवला की खऱ्या साक्षीचेही मोल उरत नाही. प्रयोग कोणावर केला हे आज आपण सांगू शकतो, ते केवळ १९६९ च्या त्या कंटाळवाण्या म्हणून हेटाळल्या जाणाऱ्या लेखामुळे.

लेख कंटाळवाणा असतो हे मात्र कबूल केले पाहिजे. अशा वर्णनात क्रियापदे जवळजवळ नसतात. ‘अग्रवक्षाची ढाल आडवी, लंबवर्तुळाकार, कडेला फिकट, रोम तांबूस’ अशा तुटक नोंदी एकामागून एक येत राहतात. पण त्या ज्या कामातून येतात ते काम एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. वाळलेला नर टाचणीवर असतो. दमट डबीत ठेवून त्याला नरम करतात, पोटाचा शेवटचा भाग अलगद विलग करतात आणि दाहक पोटॅशच्या द्रावणात घालतात, म्हणजे मांसल भाग विरघळून केवळ कठीण कवचाचे तुकडे उरतात. जननेंद्रियाचे ते तुकडे, कोणी आकडीसारखा, कोणी दातेरी, कोणी चमच्याच्या टोकासारखा, सूक्ष्मदर्शकाखाली ग्लिसरीनमध्ये सुईने उलटेपालटे करून पाहिले जातात, कारण या वंशात रंग फसवा असतो आणि पंखांवरची नक्षी एकाच जातीत इतकी बदलते की तिच्यावर निकाल देणे धोक्याचे असते. पाहून झाल्यावर ते तुकडे एका चिमुकल्या नळीत ग्लिसरीनसह बंद करून ती नळी त्याच टाचणीला, झुरळाच्या पोटाखाली, टोचून ठेवतात. त्याखाली चिठ्ठी: स्थळ, तारीख, पकडणाऱ्याचे नाव, आणि बहुतेक वेळा ‘दिव्यावर’ हा शब्द. त्याही खाली, या नमुन्यावर जातीचे नाव आधारलेले असेल तर, एक तांबडी चिठ्ठी. तिच्यावर ‘होलोटाइप’ असे लिहिलेले असते.

या तांबड्या चिठ्ठीचे माहात्म्य नीट समजण्यासाठी जमिनीच्या जुन्या खरेदीखताची आठवण करावी. खरेदीखतात शेताचे वर्णन असते असे आपण म्हणतो, पण त्यात मातीचा पोत नसतो, विहिरीच्या पाण्याची चव नसते. असते ती चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गाडीवाट. शेत काय आहे यापेक्षा ते कोठे संपते, एवढेच त्यात नोंदलेले असते. जातीचे वर्णनही असेच असते. त्याचा गाभा म्हणजे ‘ही जात अमक्या जातीहून अमक्या बाबतीत निराळी’ हे विधान. आणि ते विधान करताना वर्णनकाराला जेवढे शेजारी ठाऊक असतात तेवढ्यांपुरतेच ते पुरे पडते. हेबार्डने १९२० साली ज्या सीमा आखल्या त्या तेव्हाच्या शेजाऱ्यांच्या मानाने यथार्थ होत्या. पुढे मधल्या मोकळ्या रानात एकोणचाळीस नवे खातेदार निघाले, तेव्हा त्या सीमांचे जुने शब्द अपुरे पडले. यात हेबार्डची हयगय नव्हती. ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही त्याच्याशी असलेला भेद कोणताही माणूस आगाऊ लिहून ठेवू शकत नाही.

म्हणून प्रत्येक वर्णन आज ना उद्या अपुरे ठरते, आणि हे ज्याला समजले तो वर्णनाच्या शब्दांवर फार विसंबत नाही; तो नमुना राखून ठेवतो, आणि कागद निरुत्तर झाल्यावर भावी संशोधक त्या नमुन्याकडे जाऊ शकेल अशी व्यवस्था करतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेने हा शहाणपणा १ जानेवारी २००० पासून सक्तीचा केला: नव्या जातीच्या वर्णनात तिचा नामधारक नमुना स्पष्टपणे नेमून दिलेला नसेल, तर ते नावच ग्राह्य धरले जात नाही. मला ही संहिता कोणत्याही शास्त्रातील सर्वांत नम्र कायद्यांपैकी एक वाटते, कारण ती कोणालाही ‘ही जात खरी आहे असे मान’ म्हणून बजावीत नाही. दोन जाती वेगळ्या की एकच, याविषयी तुम्हाला काय वाटावे यात ती हस्तक्षेप करीत नाही. तुमचे मत काहीही असो, नाव कोणत्या नमुन्याच्या मागे जाईल आणि दोन नावांत अग्रहक्क कोणाचा, एवढाच निवाडा ती करते. तिचा अंमल निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून, सुरू होतो. त्यापूर्वीचे सगळे हक्क रद्दबातल.

लिनियसचे नाव निघाले म्हणून आपल्या देशातला एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. अरेनिवागाच्याच कुलातला एक सुंदर कीटक दक्षिण भारताच्या झुडपी रानांत राहतो. काळ्याभोर अंगावर ठसठशीत पांढरे ठिपके असलेला, आणि झुरळ म्हणून कोणाला दाखवला तर न पटणारा. लिनियसलाही तो झुरळ म्हणून पटला नाही. १७५८ साली त्याने त्याला ढालकिड्यांच्या वंशात, म्हणजे चक्क भुंगेऱ्यांच्या पंक्तीला नेऊन बसवले, आणि लंडनच्या पेटिव्हर नावाच्या औषधविक्या संग्राहकाचे नाव त्याला दिले. पुढच्या अभ्यासकांनी त्याला तेथून उठवून झुरळांत आणले, नव्या वंशाचे नाव दिले. पण पेटिव्हरचे नाव काही गेले नाही. आजही तो थेरिया पेटिव्हेरियाना म्हणून ओळखला जातो आणि लिनियसचे नाव त्यापुढे कंसात लिहिले जाते. तो कंस म्हणजे ‘जात याने दाखवली, वंश मागाहून बदलला’ अशी फेरफाराची नोंद. पंक्ती चुकली म्हणून नाव खोडले गेले असते, तर अडीचशे वर्षांत त्या कीटकाविषयी लिहिले गेलेले सारे साहित्य विस्कळित झाले असते.

यावर व्यवहारी माणूस विचारील, की हे सगळे ठीक, पण वाळवंटातल्या झुरळाच्या चतुःसीमा आखण्यात कोणाचे हित? या प्रश्नाला ठरावीक उत्तर आहे, आणि ते खोटेही नाही. जपानी कीटकशास्त्रज्ञ मिझुकुबो याने १९८१ साली ओकिनावाकडील एका झुरळाचे, ब्लाटेल्ला असाहिनाई याचे, वर्णन केले. ते घरातल्या सुप्रसिद्ध जर्मन झुरळासारखे इतके हुबेहूब दिसते की दोघांत भेद करायला तज्ज्ञाची नजर लागते. १९८६ साली फ्लोरिडात लेकलंडच्या आसपास लोकांच्या अंगणातून, गवतातून, पालापाचोळ्यातून झुरळांचे थवे उठू लागले आणि दिव्यावर येऊ लागले. जर्मन झुरळ उडत नाही आणि अंगणात वस्ती करीत नाही. म्हणजे हा प्राणी निराळा असला पाहिजे, असा संशय आला, आणि तो निराळा असल्याचा दाखला पाच वर्षांपूर्वीच लिहून तयार होता. तो नसता, तर स्वयंपाकघरातल्या शत्रूवरचे उपाय अंगणातल्या पाहुण्यावर करण्यात किती काळ वाया गेला असता कोण जाणे.

तथापि अशा प्रकारची उदाहरणे देऊन वर्णनशास्त्राची वकिली करणे मला फारसे रुचत नाही. उपयुक्ततेच्या दरबारात शंभर जातींपैकी दोघींची वर्णी लागेल. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे काय? अरेनिवागाच्या अठ्ठेचाळीस जातींपैकी एकही कोणाच्या धान्याला, वस्त्राला किंवा आरोग्याला बाधक असल्याचे मला ठाऊक नाही. मृत्युदरीच्या (डेथ व्हॅलीच्या) नावाने ओळखली जाणारी त्यांतली एक जात उद्या नाहीशी झाली, तर कोणत्याही बाजारात कसलाही भाव वधारणार नाही. तरीही ती आहे की नाही, ही वस्तुस्थितीची बाब आहे. आणि वस्तुस्थितीविषयी विधान करायचे तर ते खोडून काढता येईल अशा रीतीने करावे, एवढे बंधन शास्त्रावर असते. ‘या वाळवंटात झुरळे आहेत’ हे विधान कोणाला खोडता येणार नाही, म्हणून ते कोणाच्या उपयोगाचेही नाही. ‘या संग्रहालयातील या टाचणीवरचा हा नर ज्या जातीचा आहे, ती त्या दुसऱ्या जातीहून या आकडीच्या वळणाने भिन्न आहे’ हे विधान उद्या कोणीही पेटी उघडून खोटे पाडू शकतो. ज्ञानाचा आरंभ कोणत्या विधानापासून धरायचा हे वाचकाने ठरवावे.

याहून गंभीर आक्षेप आजच्या काळाने आणला आहे. २००३ साली पॉल हेबर्ट आणि त्याचे सहकारी यांनी असा प्रस्ताव मांडला की, पेशीतील एका ठरावीक जनुकाची सुमारे साडेसहाशे अक्षरे वाचली म्हणजे प्राण्याची जात ओळखता येईल. मग टाचणी, पोटॅश आणि आकड्या यांची दगदग हवी कशाला? या युक्तीला मी तुच्छ लेखीत नाही. परंतु अक्षरांची ती माळ आपल्याला एवढेच सांगते की हा प्राणी आणि तो प्राणी एकाच गटातले आहेत. त्या गटाला १९०३ सालचे कोणते नाव लागू पडते, हे सांगायला पुन्हा तांबड्या चिठ्ठीच्या नमुन्याकडेच जावे लागते. शिवाय अक्षरे वाचली म्हणून सीमेचा प्रश्न सुटत नाही. वर उल्लेखिलेल्या जर्मन झुरळाचेच पाहा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने असा निष्कर्ष काढला, की हे झुरळ असाहिनाईपासूनच, सुमारे २,१०० वर्षांपूर्वी, भारत किंवा म्यानमारच्या मुलुखात निपजले. आणि प्रयोगशाळेत या दोघांचा संकर घडवला तर संततीही वांझ निपजत नाही. मग या दोन जाती म्हणाव्या की एक? एक अंगणात राहते, दिव्यावर उडत येते. दुसरी उडत नाही आणि माणसाच्या घराबाहेर तिची वस्ती आढळत नाही. मी दोन म्हणेन. दुसरा कोणी एक म्हणेल. आणि दोघांना भांडायला जागा आहे ती दोन्ही नावांचे अर्थ नमुन्यांनी बांधलेले आहेत म्हणूनच. निसर्गात सीमा अस्पष्ट असतील, पण त्या कोणत्या दोहोंमधल्या, एवढे तरी स्पष्ट असल्याखेरीज अस्पष्टतेची चर्चासुद्धा करता येत नाही.

जनुकाच्या अक्षरांचा खरा उपयोग मला दुसऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि तो दाखवताना वर्णनशास्त्राच्या एका मोठ्या वैगुण्याची कबुली द्यावी लागते. हॉपकिन्सच्या ग्रंथाला जोडलेली जाती ओळखण्याची किल्ली केवळ नरांची आहे. याचे कारण कोणाची लबाडी नव्हे. संग्रहालयांतले नमुने बहुतांशी दिव्यावर पकडलेले आहेत, आणि दिव्यावर येतो तो नर. मादी वाळूखाली, रानउंदरांच्या बिळांत, कासवांच्या भुयारांत, मुंग्यांच्या वारुळांत असते. तिला पाहायचे तर फावडे घेऊन जावे लागते, आणि सापडली तरी ती नेमकी कोणाची सहचरी, हे ठरवण्याचे साधन हाती नसते. म्हणजे ज्या वंशाची कीर्ती हवेतून पाणी पिण्याबद्दल झाली, त्या वंशात ते पाणी पिणाऱ्या मादीचे वर्णन बहुतेक जातींत झालेलेच नाही. वर्णन आहे ते न पिणाऱ्या नराचे! अठ्ठेचाळीस जातींची दप्तरे उघडली आणि बहुतेकांत कुटुंबातल्या एकाच माणसाचे नाव आढळले, असा हा प्रकार आहे. मादीच्या पायाचा तुकडा घेऊन त्याची अक्षरे नराच्या अक्षरांशी ताडली तर ही जोडी लागू शकेल. पण त्यासाठीही नराचे नाव आधी नमुन्याने पक्के झालेले असले पाहिजे, हे ओघानेच आले.

इतके सगळे त्या टाचणीवर अवलंबून असता तिच्या रखवालीची व्यवस्था काय आहे? २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, आणि कीटकांचा प्रचंड संग्रह, त्यातील नामधारक नमुन्यांसह, राख झाला. ज्या जातींचे मूळ नमुने त्या रात्री गेले त्यांच्या पुढच्या वादांत आता केवळ शब्दांवर निकाल द्यावा लागेल, किंवा नवा नमुना नेमावा लागेल. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता अधिनियमाच्या ३९ व्या कलमाने असे ठरवून दिले आहे की, नवी जात ज्याला सापडेल त्याने ती नेमलेल्या भांडारांना कळवावी आणि तिचे नमुने तेथे जमा करावेत; प्राण्यांच्या बाबतीत कलकत्त्याला १९१६ साली स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यांतले प्रमुख. कायदा चांगला आहे. मात्र जमा करणाऱ्याचे कर्तव्य त्याने जितक्या नेमकेपणे सांगितले, तितक्याच नेमकेपणे सांभाळणाऱ्याच्या हाताशी किती माणसे असावीत हेही सांगितले असते, तर अधिक बरे झाले असते. कीटकांच्या पेटीत कीटकांना खाणारे किडेही असतात; डांबरगोळी वेळेवर बदलली नाही तर शंभर वर्षांचा पुरावा एका पावसाळ्यात पिठासारखा होतो.

आणि माणसे तरी कोठून यावीत? नमुना पकडल्यापासून त्याचे नवी जात म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असा हिशेब २०१२ साली तीन फ्रेंच संशोधकांनी मांडला; म्हणजे वर्तमानपत्रांतला कोलंबस बहुधा तळघरातल्या कपाटापाशी उतरलेला असतो. या दिरंगाईचे कारण आळस नव्हे; हे काम करणाऱ्याला बढती मिळत नाही, हे आहे. विद्यापीठे संशोधकाची किंमत त्याच्या लेखांचा हवाला किती जणांनी दिला यावर करतात, आणि वाळवंटी झुरळाच्या वर्णनाचा हवाला देणारा दुसरा अभ्यासक कदाचित पुढच्या पिढीत जन्माला यायचा असतो. २०२० साली तर असे घडले की, प्राण्यांच्या नव्या जातींची वर्णने जगात सर्वाधिक प्रमाणात छापणाऱ्या ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकाला, त्यातले लेख त्याच नियतकालिकाचा हवाला फार देतात या सबबीवर, गुणांकनाच्या यादीतून वगळण्यात आले. जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांनी गिल्ला केला तेव्हा काही आठवड्यांतच तो हुकूम मागे घेतला गेला. हवाले एकमेकांचे नसतील तर कोणाचे असतील, एवढा साधा विचार हुकूम काढणाऱ्यांना सुचला नव्हता. चतुःसीमा लिहिणाऱ्याने शेजाऱ्यांची नावे फार वेळा घेतली, असा तो आरोप होता.

भावी वादासाठीची ही तरतूद करण्याचा बोजा एकट्या वर्णनकाराच्या गळ्यात घालणे मला न्याय्य वाटत नाही, कारण तिचा लाभ मुख्यत्वे प्रयोग करणाऱ्यांना मिळतो. एडनीने स्वतःच्या प्रयोगातल्या प्राण्याचे वर्णन व्हावे म्हणून तज्ज्ञाची मदत घेतली आणि त्या लेखावर स्वतःचे नाव घातले, हे त्याच्या थोरवीचे लक्षण मी मानतो. पण थोरवीवर व्यवस्था चालत नसते. माझी सूचना साधी आहे. प्राण्यावर प्रयोग करून लिहिलेला कोणताही निबंध छापण्यापूर्वी संपादकाने लेखकाकडे एका संग्रहालयाची पावती मागावी: प्रयोगात वापरलेल्यांपैकी निदान एक नर आणि एक मादी, स्थळ-तारखेच्या चिठ्ठीसह, तेथे जमा आहेत अशी. यावर खर्चाची सबब पुढे येईल. टाचणी, चिठ्ठी आणि पेटीतली बोटभर जागा, यांपलीकडे तो खर्च जात नाही. आणि ज्या प्रयोगशाळेला आर्द्रता मोजण्याची यंत्रे परवडतात तिला तो परवडत नाही असे म्हणणाऱ्याने आपला जमाखर्च दाखवावा.